दुबार नोंदी

"बावीस जित्या पोरांना मी मारलं म्हणे," ती म्हणाली आणि हातातला कागद तिनं सरळ माझ्या की-बोर्डवर ठेवला.

मी मान वर केली. पंचेचाळिशीची, सावळी, ठेंगणी बाई. पांढऱ्या साडीचे काठ लाल मातीनं भरलेले, खांद्याला कापडी पिशवी. कागद म्हणजे आरोग्य खात्याची कारणे दाखवा नोटीस होती आणि ती आमच्या कार्यालयाच्या टिपणीवरून निघाली होती. टिपणी मीच लिहिली होती.

"तुम्ही गावित सिस्टर?"

"जयवंती गावित. खरवली उपकेंद्र, सोळा वर्षं. आणि तुम्ही त्या कॉम्प्युटरवाल्या मॅडम."

मी सत्तावीस वर्षांची होते. संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून जिल्हा सांख्यिकी कार्यालयात लागले, त्याला दुसरं वर्ष चालू होतं. त्या जानेवारीत आमच्याकडे एकच महत्त्वाचं काम होतं. तान्ह्या बाळांसाठी एक कक्ष जिल्ह्याला मंजूर झाला होता: बाळाला ऊब देणारं यंत्र, चोवीस तास डॉक्टर आणि एक ॲम्ब्युलन्स. कक्ष एकच होता आणि जागा दोन होत्या, खरवलीचं खोरं आणि आंबेखोरे. दोन्हीकडे सहा वर्षांत जवळपास सारखेच जन्म झालेले. जिथं वर्षाच्या आतली मुलं जास्त दगावतात तिथं कक्ष द्यायचा, असं कलेक्टरांनी ठरवलं होतं. किती दगावतात ते आम्ही सांगायचं होतं.

उपकेंद्रांच्या रजिस्टरांत मृत्यूच्या नोंदी होत्या. खरवलीत तेहतीस, आंबेखोऱ्यात सव्वीस. पण मी रजिस्टरं आमच्या घरोघरच्या सर्वेक्षणाशी जुळवली, चुका गाळल्या, तेव्हा खरवलीत अकरा उरल्या आणि आंबेखोऱ्यात चोवीस.

"बसा ना, सिस्टर."

"उभीच बरी आहे. मला एवढंच सांगा, तेहतीसचे अकरा कसे झाले? तुम्ही मोजायला शिकलात, मला मान्य आहे. पण मेलेलं मूल ओळखायला शिकावं लागत नाही."

मी शांतपणे समजावलं. मला समजावायला आवडायचं. "हे बघा. रजिस्टरात तुम्ही एक मूल मृत लिहिलंय. नंतर त्याच मुलाला तुम्हीच पोलिओचा डोस दिल्याचं लिहिलंय. आई तीच, बाप तोच, पाडा तोच, मुलाचं नाव तेच. शिवाय आमचे लोक सर्वेक्षणाला गेले तेव्हा ते मूल घरात खेळत होतं. मग मृत्यूची नोंद खरी की डोसची? मेलेलं मूल डोस घेत नाही, सिस्टर."

तिनं पिशवीतून चष्मा काढला. मी बावीस नावांची यादी तिच्यापुढे धरली. तिचं बोट पहिल्या नावापासून खाली सरकत गेलं. सातव्या नावापाशी ते थांबलं. मग बोट पुन्हा वर गेलं आणि तिनं यादी पहिल्यापासून वाचली. वाचता वाचता ती खुर्चीत बसली.

"ही यादी तुम्ही केली?"

"हो."

"साहेबांनी नाही?"

"नाही, मीच."

पकडलं गेल्यावर माणूस असाच गप्प होतो, असं मला वाटलं.

आवाज ऐकून हिवाळे साहेब केबिनमधून बाहेर आले. हे आमचे सांख्यिकी अधिकारी. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली, मनानं चांगले, बोलायला भारी हौशी. "काय सिस्टर, आमच्या चौबळ मॅडमशी वाद घालताय? त्यांचा नियम एकदम पक्का. मी तर तारखांवर कधीच विश्वास ठेवत नाही. माझा जन्म दिवाळीतला, कागदावर एक जून. का? तर मास्तरांनी शाळेत घालताना लिहिला. या हापिसात आम्ही सात जण एक जूनचे! शहरात ही कथा, मग पाड्यावर काय विचारता? तारीख बाजूला ठेवा, नाव जुळवा. मॅडमनी तेच केलं."

"नाव जुळवा," सिस्टर म्हणाली.

"तर! एकाच पोराच्या तीन-तीन नोंदी असतात. जन्मलं तेव्हा एक, आईच्या माहेरी एक, लशीला एक. मॅडमनी सहाशे बारा दुबार नोंदी काढल्या जिल्ह्यात. सहाशे बारा!"

सिस्टरनं यादीची नीट घडी घातली आणि मला परत दिली. "साहेब, मी आत्ता काही बोलले तर तुम्ही म्हणाल, नोकरी वाचवायला बोलते. तर मी बोलत नाही. मॅडमना पाठवा माझ्याबरोबर. त्यांनी स्वतः बायांना विचारावं. मी मधे तोंड उघडणार नाही. भाषा अडली तर तेवढी सांगेन."

"उत्तम!" हिवाळे साहेब म्हणाले. "जाऊन या, मॅडम. पाच घरं बघा. आईचा अंगठा घ्या, की माझं मूल जिवंत आहे. सोमवारी कलेक्टरांपुढं फाईल जायची आहे, नंतर कुणी फाटे फोडायला नकोत."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ऑफिसची जीप खरवलीपर्यंत गेली. पुढं चढण होती. सिस्टर माझ्यापुढं चपला हातात घेऊन चालत होती आणि मी दर दहा मिनिटांनी थांबत होते.

"लग्न झालं, मॅडम?"

"नाही."

"बरंय. दम खायला वेळ मिळतो."

अर्ध्या वाटेवर एक सपाट कातळ होता. तिथं ती आपणहून थांबली. "बाळंतीण अडली की इथूनच नेतात. बांबूला झोळी बांधायची, चार गड्यांनी उचलायची. गडी बदलायला या कातळावर थांबतात. दोन बाळंतपणं मी इथंच केली." मग थोडं थांबून म्हणाली, "थंडीच्या दिवसांत पोरं रस्त्यातच गार पडतात. पोटाशी धरून पळालं तरी खाली पोचेपर्यंत दोन तास."

"म्हणूनच आकडे बरोबर असायला हवेत," मी म्हणाले. माझ्या मनात खरंच तेच होतं.

"हो ना," ती म्हणाली.

पाड्यावर पहिल्या घरी यादीतलं मूल कोंबडीमागं धावत होतं. आईनं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, दोन्ही जुळली. मी छापील निवेदन वाचून दाखवलं: माझे मूल जिवंत आहे, उपकेंद्रातील मृत्यूची नोंद चुकीची आहे. तिनं काही न विचारता अंगठा दिला. साहेबाचा कागद आला की अंगठा द्यायचा, एवढंच तिला ठाऊक असावं. दुसऱ्या घरी मूल निजलेलं होतं. तिसऱ्या घरी ते अंगणवाडीत गेलं होतं, आजीनं बोलावून आणलं. दोन्हीकडे अंगठे मिळाले. मी यादीवर तीन खुणा केल्या.

"तीन झाले, सिस्टर."

"झाले. चौथं घर वर आहे."

तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिची थोडी दया आली. तिच्यावर फार कडक कारवाई होऊ नये असं टिपणीत लिहावं, असं मी तेव्हा ठरवलंसुद्धा.

चौथं घर रुमली वसावेचं. तिशीतली बाई अंगणात सुपानं नागली पाखडत होती. शेजारी तीन-साडेतीन वर्षांची मुलगी मुठीनं नागली उचलून परत सुपात टाकत होती. रुमलीला मराठी येत होतं. खालच्या आश्रमशाळेत ती चौथीपर्यंत शिकलेली.

"मोगी तुमची मुलगी ना?"

"हो."

"हीच?"

"हीच." तिनं मुलीच्या डोक्यावरचा कोंडा झटकला.

मी निवेदन वाचलं. "माझी मुलगी मोगी जिवंत आहे. ती मेल्याची नोंद चुकीची आहे." शाईचा डबा उघडला, रुमलीचा अंगठा धरून शाईवर टेकवला आणि कागदाकडे नेला.

तिनं हात मागं घेतला.

"कोणती मोगी?"

"म्हणजे?"

"कागद म्हणतो मेली ती नोंद खोटी. कोणत्या मोगीची?"

मी सिस्टरकडे पाहिलं. ती जमिनीकडे बघत होती.

"तुम्हाला मोगी एकच ना?" मी विचारलं.

रुमलीनं माझ्याकडे न समजल्यासारखं पाहिलं. मग शाई लागलेल्या अंगठ्यानं ती बोटांवर मोजू लागली आणि प्रत्येक बोटावर जांभळा ठिपका पडत गेला. "पहिली मोगी भातलावणीत गेली. नऊ दिवसांची होती. दुसरी मोगी थंडीत गेली, आठ महिन्यांची. ही तिसरी. ही राहिली."

घरामागं एक ऐनाचं झाड होतं. तिनं हनुवटीनं तिकडे दाखवलं. झाडाखाली दोन चपटे दगड होते.

"पण," मी म्हणाले, आणि माझा आवाज मला ऐकू आला, तो अगदी ऑफिसमधला होता, "नाव तेच कसं?"

"मग? नाव टाकून द्यायचं?" रुमली म्हणाली. "नाव टाकलं तर ती फिरून यायची कशी? घर कुठलं ते तिला कळायला नको?"

मुलगी नागली उचलत होती, टाकत होती.

शाईच्या डब्याचं झाकण मी उलटं बसवत होते. ते बसेना. सिस्टरनं माझ्या हातातून डबा घेतला आणि बंद केला.

"या खोऱ्यात असंच आहे, मॅडम," ती म्हणाली. "मूल गेलं की पुढच्याला तेच नाव. ते राहीपर्यंत तेच. मुलगा असेल तर मुलाचं, मुलगी असेल तर मुलीचं. गेलेलंच परत आलं असं मानतात. इथल्या पोराटोरांना ठाऊक आहे. मला वाटलं तुम्हालापण असेल."

"काल का नाही सांगितलंत?"

"तुमच्याकडं यादी होती. माझ्याकडं नोटीस."

मी यादी बाहेर काढली. तिच्यात आईचं नाव होतं, बापाचं होतं, पाडा होता, मुलाचं नाव होतं. जन्मतारखा नव्हत्या. तारखांचा रकाना मी छापताना लपवला होता, कारण तो ठेवला तर कागद आडवा लागत होता आणि आमचा प्रिंटर आडवा कागद अडकवायचा. पण मला तारखा आठवत होत्या. आकडे माझ्या लक्षात राहतात. मोगी वसावे, जुलै दोन हजार चार. मोगी वसावे, डिसेंबर दोन हजार चार. मोगी वसावे, सप्टेंबर दोन हजार पाच. जुलै आणि डिसेंबर या दोन तारखा एकाच बाईच्या पोटी शक्य नाहीत, म्हणून तर मी या तारखा कचरा ठरवल्या होत्या.

"दुसरी मोगी कधीची?" मी विचारलं.

"दिवस भरायच्या आधीच, सातव्या महिन्यात झाली ना ती, पुढच्या उन्हाळ्यात," सिस्टर म्हणाली. "डिसेंबर ही माझी चूक. गेली त्या दिवसाची तारीख मी जन्माच्या रकान्यात लिहिली, तीपण वर्ष चुकवून. चार जणींचं काम एकटीनं करत होते तेव्हा. ती चूक माझी, घ्या लिहून."

"मग ही तिसरी सप्टेंबर पाचची कशी?"

"ती सहाची आहे," रुमली म्हणाली. "गणपतीत झाली. तीन वर्षांपूर्वी."

म्हणजे तारखा चुकीच्याच होत्या. हिवाळे साहेबांचं म्हणणं खरं होतं. नावंही खरी होती, आईही खरी, पाडाही खरा, डोसही खरा. माझ्या नियमातला एकही तुकडा खोटा नव्हता आणि ऐनाखाली दोन दगड होते.

मला खाली बसावंसं वाटलं, पण रुमलीच्या अंगणात बसायचा मला काही हक्क आहे असं वाटेना. मी उभी राहिले. माझ्या फाईलमध्ये तीन अंगठे होते. ते परत द्यायला हवे होते.

आम्ही उतरून तिसऱ्या घरी गेलो. प्रश्न कसा विचारायचा ते मला येत नव्हतं. माझ्या प्रश्नावलीत तो नव्हता. शेवटी मी नुसतं म्हणाले, "आजी, या नातवाच्या आधी?"

"एक," म्हातारी म्हणाली. "हाच."

दुसऱ्या घरी एक. पहिल्या घरी, जिनं काही न विचारता अंगठा दिला होता, ती चूल फुंकत होती. मी विचारलं तेव्हा तिनं मान न वळवता दोन बोटं वर केली आणि पुन्हा फुंकणी तोंडाला लावली. मी तिन्ही निवेदनं त्यांच्यासमोर फाडली. फाटलेले तुकडे कुठं टाकायचे कळेना, म्हणून पर्समध्ये ठेवले.

त्या रात्री मी सिस्टरच्या उपकेंद्रात राहिले. शनिवार आणि रविवारी आम्ही उरलेली सगळी घरं केली. बावीसपैकी वीस मृत्यू खरे निघाले. दोन ठिकाणी सिस्टरनं खरोखरच भलत्या मुलाच्या नावापुढं मृत लिहिलं होतं.

"दोन माझ्या," ती म्हणाली. "लिहा. त्याला लाजायचं काय?"

सोमवारी सकाळी साडेआठलाच मी हिवाळे साहेबांच्या घरी गेले. ते दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून त्यांनी सगळं ऐकलं.

"वीस?"

"वीस. म्हणजे खरवलीत एकतीस मृत्यू. आंबेखोऱ्यात माझ्या यादीतले दोन तिथल्या डॉक्टरांनी काल घरी जाऊन पाहिले. ती दोन्ही मुलं खरंच जिवंत आहेत आणि त्यांच्याआधी कुणी गेलेलं नाही. तिथं चोवीसच."

"एकतीस आणि चोवीस." ते आरशाकडे वळले, पण वस्तरा उचलला नाही. "आणि आपण काय पाठवणार होतो?"

"अकरा आणि चोवीस."

दुपारी बैठक झाली. कलेक्टरांनी दोन्ही आकडे समोर ठेवून एकच विचारलं, "आधीचा आकडा कुणी काढला?" मी उठून उभी राहिले. ते म्हणाले, "बसा." कक्ष खरवलीला मंजूर झाला. सिस्टरची नोटीस आठवड्याभरात मागं घेतली गेली. पत्रात एकच ओळ होती, दिलगिरीची नव्हती.

बैठकीहून परत आल्यावर मी माझ्या टेबलाशी बसले. आता संपलं, असं मला वाटत होतं. हिवाळे साहेब केबिनमध्ये गेले नाहीत. ते माझ्यासमोर उभेच राहिले. मग त्यांनी कपाटातून एक पातळ फाईल काढली आणि ती दोन्ही हातांत धरून ठेवली, मला देईनात.

"मॅडम, तुमचा तो नियम मला फार आवडला होता."

"हो, साहेब."

"ऑगस्टमध्ये मी तो वर पाठवला. तुमच्या नावानिशी. म्हटलं, हुशार पोर आहे, कौतुक होईल, बढतीला उपयोगी पडेल. तुम्हाला नंतर सांगून चकित करणार होतो."

"वर म्हणजे कुठं?"

"संचालनालयात. त्यांनी परिपत्रक काढलं." त्यांनी फाईल माझ्यापुढं ठेवली. "अकरा जिल्ह्यांना."

दोन पानांचं होतं. भाषा माझीच होती, फक्त जागोजागी 'यावे' आणि 'करण्यात यावे' घातलेलं. मुद्दा चौथा: जन्मतारीख विचारात घेऊ नये. मुद्दा सहावा: नंतरची नोंद ग्राह्य धरून आधीची वगळावी. शेवटी दोन ओळींत पद्धत सुचवणाऱ्या कर्मचाऱ्याचं अभिनंदन होतं आणि पुढं माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

मी त्याच संध्याकाळी अकरा पत्रं लिहिली. साहेबांनी एकही शब्द न बदलता सगळ्यांवर सही केली. सहा जिल्ह्यांकडून उत्तर आलंच नाही. चौघांनी कळवलं की परिपत्रक मिळालं, कार्यवाही व्हायची आहे, थांबवतो. अकराव्या जिल्ह्याचं उत्तर एप्रिलमध्ये आलं. जिल्हा मोठा होता, डोंगरांचा होता.

त्यांनी लिहिलं होतं, की परिपत्रकानुसार कार्यवाही मुदतीपूर्वीच पूर्ण केली आहे. दुबार नोंदी चार हजार एकशे छत्तीस, सर्व कायमच्या वगळल्या आहेत. शुद्ध केलेली माहिती संगणकावर चढवून झाल्यामुळे जुनी रजिस्टरे निर्लेखित करून रद्दीत दिली आहेत. जिल्ह्याचा बालमृत्यूचा दर त्यामुळे लक्षणीय खाली आला असून दोन उपकेंद्रांतली पदे इतरत्र वळवली आहेत. मार्गदर्शनाबद्दल आभार.

मी खरवलीला फोन लावला. दुसऱ्या कुणाला लावावा ते सुचलं नाही. सिस्टरला मी पत्र शब्दन् शब्द वाचून दाखवलं.

"चार हजार," ती म्हणाली. "त्यातली पोरं किती?"

"सांगता येत नाही, सिस्टर."

"खरवलीवरून काढा की हिशोब. तुम्हाला येतं ते."

"नाही काढता येत. तिकडचे लोक वेगळे, चालीरीती वेगळ्या. आणि रजिस्टरंच गेली."

"अंदाजे तरी?"

मी कागदावर काहीतरी मांडायला घेतलं होतं. ते मी खोडलं.

"अंदाजेसुद्धा नाही," मी म्हणाले.